ठेव क्रमांक अडतीस

दाभोली नाक्याकडून बाजारात शिरलं की
डाव्या हाताला आमचं दुकान.
पाटी पोरांच्या दगडांनी पोचे पडलेली:
'शस्त्रे व दारूगोळा. परवानाधारक विक्रेते.'
आत बंदुका थोड्या, वह्याच फार.

वहीच्या पानांना आधीच क्रमांक, वर शिक्का.
खाडाखोड चालत नाही.
चुकलं तर एकच सरळ रेघ, बाजूला सही;
रेघेखालची चूक वाचता आली पाहिजे.
हे वडिलांनी शिकवलं तेव्हा मला
साडी नेसता येत नव्हती.

कपाटाला दोन कुलपं. किल्ल्या दोन माणसांकडे असाव्यात.
माणूस मी एकटी, म्हणून एक कमरेला
आणि दुसरी देवघरात, गणपतीच्या पाटाखाली.
तपासणीचे साहेब विचारतात, दुसरा माणूस कोण?
मी वर बोट दाखवत नाही.
पणजीला असलेल्या भावाचं नाव सांगते.

चोराची भीती नाही. भीती खाऱ्या वाऱ्याची.
कागद न दाखवता दर्या आत येतो,
कुठल्याच रकान्यात न बसता
नळ्यांच्या तोंडाशी तांबूस बोट ठेवून जातो.
शुक्रवारी मी एकेक बंदूक उतरवते,
जुन्या लुगड्याची चिंधी, तेल,
आतून बाहेर, आतून बाहेर.

गेल्या सोमवारी द्वारका धुरी आली, मठची.
रिक्षातून उतरताना गोधडी उराशी,
जसं तापलेलं पोर दवाखान्यात आणावं.
गोधडीत एकनळी, बारा बोअर.
घोडा थोडा ढिला, दस्त्यावर कोयत्याचा वार.
पिशवीत मृत्यूचा दाखला, ठाण्याचं पत्र,
आणि बिस्किटांच्या डब्यात काडतुसं.

मी लिहायला घेतलं.
परवानाधारक: जगन्नाथ विठू धुरी.
प्रयोजन: शेतीसंरक्षण.
जमा करण्याचे कारण: मयत.
हा शब्द मी नेहमी सावकाश लिहिते,
शाई पसरू नये म्हणून.

काडतुसं मोजली. सात.
मागची वही काढली. मे महिन्यात बारा नेलेली,
दिवाळीआधी रिकामी चार परत.
सात आणि चार अकरा.
पुन्हा मोजली. डबा उलटा केला.
तळाशी बिस्किटाचा चुरा.

"द्वारकाकाकी, एक कमी आहे."
ती पंख्याकडे बघत राहिली.
"तेणी माकाड कधी मारूक नाय," म्हणाली.
"वर झाडी. आभाळात.
माकडांकाय ता ठावक होता."
"ते ठीक. पण एक कुठे गेलं?"
"हाडकांवांगडा दर्यात सोडलंय," ती म्हणाली,
"एकटो जाव नये म्हणान."

नियम मला पाठ आहेत.
हरवलं तर ठाण्यात वर्दी,
उडालं तर रिकामं कवच दाखवा,
विकलं असेल तर माझाही परवाना जाईल.
जे हरवलं नाही, उडालं नाही, विकलंही नाही,
त्याचं काय करायचं
हे वडिलांनीसुद्धा सांगितलं नव्हतं.

शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो अरुंद आहे.
दोन शब्द मावतात, जपून लिहिले तर.
मी लिहिलं: समुद्रात. एक.
तिचा अंगठा घेतला, खाली माझी सही.

"भाडा कितक्या?"
मी दर सांगितला. तिने कनवटीची पुडी सोडली,
नाणी एकावर एक रचली,
आणि रचलेलीच ठेवून उठली.
दारात थांबून म्हणाली,
"तेल घाल हां गो. तो घाली."

साहेब पुढच्या महिन्यात येतील.
त्या दोन शब्दांवर बोट ठेवून विचारतील, हे काय?
उत्तर अजून सुचलेलं नाही.
मठात म्हणे माकडं आता
भर दुपारी माडावर बसून असतात,
शहाळी तोडत नाहीत,
पायवाटेकडे बघतात.

आज शुक्रवार. अडतीस नंबर उतरवला.
नळीत डोकावले तर दुसऱ्या टोकाला
रुपयाएवढं आभाळ.